आभाळाचे ठिगळ

आभाळच फाटले तर ठिगळ कोठे लावावे, अशी आपल्याकडे म्हण आहे. संकट आवाक्याबाहेर गेले म्हणजे ती उच्चारावयाची आणि कपाळाला हात लावून बसावयाचे, हा तिचा रूढ उपयोग. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, आमच्या चकलांब्यास, ती थोडी अधिक शब्दशः घेतली जाते. कारण या मुलखात पाऊस बहुधा दडी मारतो, आणि आला म्हणजे कधी कधी आभाळ फाटल्यासारखाच येतो. आम्ही मात्र अलीकडे या म्हणीकडे तिसऱ्याच दृष्टीने पाहू लागलो आहो. त्यास कारण आमच्या घरातील एक वडीलधारे गृहस्थ. त्यांस सारे गाव आबा म्हणते, आम्हीही म्हणतो. शाळा त्यांनी चौथीपर्यंतच पाहिली. पण ऐकलेली गोष्ट ते विसरत नाहीत, आणि न समजलेली गोष्ट समजल्याचा आव आणीत नाहीत. सुशिक्षितांत हा दुसरा गुण दुर्मिळ होत चालला आहे. विश्व प्रसरण पावत आहे, दूरच्या दीर्घिका एकमेकींपासून लांब लांब चालल्या आहेत, हे आम्ही त्यांस एकदा सविस्तर सांगितले. सुपारी कातरता कातरता त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "आभाळ पांगायलंय म्हणतूस, मग ते फाटत कामून न्हाई?"

प्रश्न आम्हांस फार आवडला. भाबडा म्हणून नव्हे, नेमका म्हणून. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सापेक्षतेचे गणित करणाऱ्या काही उत्तम डोक्यांनी हाच प्रश्न आपल्या भाषेत मांडून त्याचा पाठपुरावा केला आहे, आणि त्याचे उत्तर पुरतेपणी अजून कोणाच्याच हाती आलेले नाही.

प्रथम त्याचा अर्थ लावून घेऊ. अवकाश एखाद्या धोतरासारखे टरकन फाटेल काय, असा तो प्रश्न नव्हे. फाटावयाचे ते अवकाशात भरलेले द्रव्य. ज्योतिर्विद विश्वाचा हिशेब मांडताना अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका म्हणजे एक कण असे धरतात, आणि असे असंख्य कण मिळून होणारा एक अतिविरळ प्रवाही पदार्थ म्हणजे विश्व असे मानतात. पोत्यातून ओतलेली ज्वारी दुरून पाहिली म्हणजे पाण्याच्या धारेसारखी दिसते, त्यातलाच हा प्रकार. १९२२ साली फ्रीडमन यांनी व १९२७ साली लमेत्र यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून या प्रवाहीचे प्रसरण कागदावर काढले, आणि १९२९ साली हबल यांनी दुर्बिणीतून त्यास आधार दिला. परंतु कागदावरचा प्रवाही सर्वत्र सारखा, एकजिनसी असतो. खऱ्या विश्वात सारखे असे काहीच नसते. तेव्हा त्या सारखेपणात कोठे बारीकशी सुरकुती पडली तर ती कालांतराने विरून जाईल, की वाढत वाढत जाऊन द्रव्याची घनता आणि वेग एखाद्या ठिकाणी हळूहळू न बदलता एकदम उडी घेतील? ही उडी म्हणजेच गणितातले फाटणे. विरून जाण्याचा जो गुण, त्यास शास्त्रज्ञ स्थैर्य म्हणतात.

फाटणे म्हणजे काय हे ज्यास डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्याने पावसाळ्यात आमच्याकडील एखाद्या ओढ्याच्या काठी, अर्थात जपून, उभे राहावे. ओढा कोरडा असतो. डोक्यावर पाऊसही नसतो. वर कोठेतरी सर कोसळून गेलेली असते. मग दुरून घरघर ऐकू येते आणि वळणावरून पाण्याची उभी भिंत चालत येते. तिला आमच्याकडे लोंढा म्हणतात. पाणी उतारावरून येताना सपाट यावे, भिंतीसारखे का यावे? याचे कारण असे की, खोल पाणी उथळ पाण्याहून वेगाने धावते. चार हात खोल पाण्यातील लाट एक हात खोल पाण्यातील लाटेच्या दुप्पट चालीने जाते. त्यामुळे मागचे खोल पाणी पुढच्या उथळ पाण्यास गाठते, त्याच्या पाठीवर चढते, आणि पुढची बाजू उभी होत होत कड्यासारखी होते. हवेतील आवाजाचेही हेच आहे. लाटेचा माथा तिच्या पायथ्याहून जलद चालतो. पुरेसा अवकाश मिळाला की माथा पायथ्यास गाठतो आणि लाट फाटते. हे गणित रीमान यांनी १८६० सालीच एका सरळ रेषेपुरते केले होते. तीन मितींत, तेही सापेक्षतेच्या नियमांनी चालणाऱ्या प्रवाहीसाठी, ते देमेत्रिओस ख्रिस्तोदुलू यांनी २००७ साली एका जाडजूड ग्रंथात पुरे केले. त्याचे सार एवढेच की, अवकाश स्थिर असेल तर आरंभीची सुरकुती कितीही बारीक असो, काही अटी पुऱ्या होताच लाट फाटावयाची ती फाटतेच. मोठ्या लाटेस थोडा वेळ लागतो, लहान लाटेस फार वेळ लागतो, इतकाच फरक.

तोच लोंढा राक्षसभुवनाजवळ गोदावरीच्या रुंद वाळवंटात येऊन पडला तर त्याची भिंत कोठल्या कोठे नाहीशी होते. (१७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाचा मोड केला ते हेच राक्षसभुवन, पण तो निराळा लोंढा.) पाण्यास पसरावयास जागा मिळाली की त्याचा आवेश ओसरतो, हे कोणीही सांगेल. विश्वाच्या बाबतीत मात्र जागा मिळते एवढेच नव्हे, तर पायाखालची जागाच ताणली जात असते. हा भेद बारकाईने लक्षात घेतला पाहिजे. ताणल्या जाणाऱ्या रबराच्या पट्टीवर एक मुंगी चालत आहे अशी कल्पना करा. पट्टी एकसारख्या गतीने लांबत असेल तर मुंगी, युगे लागली तरी, दुसऱ्या टोकास पोहोचते. गणिताने हे पक्के ठरते, जरी मनास ते पटत नाही. परंतु पट्टी लांबण्याचा वेग ठराविक पटीने सतत वाढत असेल, तर अशी वेळ येते की मुंगी चालत राहते आणि टोक कधीच हाती लागत नाही. आता मुंगीच्या जागी लाटेचा माथा ठेवा आणि टोकाच्या जागी तिचा पायथा. प्रसरण पुरेसे वेगवान असेल तर माथा पायथ्यास कधीच गाठीत नाही, आणि लाट जन्मभर लाटच राहते. आबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे उलटे आहे. आभाळ पांगते आहे तरी फाटत नाही, असे नव्हे. ते पांगते आहे म्हणून फाटत नाही.

उरलेले अर्धे उत्तर द्रव्याच्या ताठपणावर अवलंबून आहे, आणि आमच्या मते या विषयातील सर्वांत सुंदर भाग तो आहे. सापेक्षतेत दाबालाही वजन असते. द्रव्याच्या ऊर्जेशी त्याच्या दाबाचे जे प्रमाण, त्यास आपण ताठपणा म्हणू. धुळीला दाब नाही, म्हणून तिचा ताठपणा शून्य. प्रकाशाने भरलेल्या पोकळीचा ताठपणा एकतृतीयांश. अशा प्रवाहीत आवाज सेकंदास सुमारे १,७३,००० किलोमीटर धावतो. ताठपणा एक झाला की आवाजाचा वेग प्रकाशाएवढा होतो, आणि त्यापलीकडे जाण्यास निसर्गाची मनाई आहे. आता विश्व लांबी-रुंदी-उंचीने दुप्पट झाले असे समजा. घनफळ आठपट झाले, शिवाय ताणामुळे प्रत्येक कणाचा संवेग निम्मा झाला. म्हणजे ठराविक जागेतील संवेग सोळापट पातळ झाला. धुळीचे वजन आठपटच पातळ होते. तेव्हा संवेग सोळावा हिस्सा आणि वजन आठवा हिस्सा, म्हणून तिचा स्वैर वेग निम्मा होतो. प्रकाशाचे वजन मात्र स्वतःच सोळापट पातळ होते. तेव्हा त्याच्या प्रवाहाचा वेग जसाच्या तसा राहतो. आणि ताठपणा एक असलेल्या पदार्थाचे वजन तर चौसष्टपट पातळ होते. संवेग तितका पातळ न झाल्यामुळे त्याचा लहानसा वेग चौपट होऊन बसतो! एकच प्रसरण एकास शांत करते, दुसऱ्यास आहे तसे ठेवते आणि तिसऱ्यास अधिकच पिसाळवते. सीमारेषा नेमकी एकतृतीयांशावर, म्हणजे प्रकाशावर, येते. शाळेतील मुलासही पडताळता येईल अशा या त्रैराशिकावर पुढची सारी इमारत उभी आहे.

या इमारतीच्या पायाचा एक दगड मराठी माणसाने बसवलेला आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. जयंत विष्णु नारळीकर यांचे नाव 'यक्षांची देणगी' आणि 'प्रेषित' यांमुळे घरोघरी पोहोचले आहे. पण त्यांच्या तरुणपणीच्या कामाची ओळख त्या घरांस नाही. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले, काशीस हिंदु विश्वविद्यालयाच्या आवारात वाढलेले हे गृहस्थ (वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथे गणिताचे प्राध्यापक होते, आणि सापेक्षता हा त्यांचाच विषय) केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली काम करीत होते. १९४८ साली हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी असे मत मांडले होते की, विश्वास आरंभ नाही. ते प्रसरण पावते, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य जन्मत राहिल्याने ते सदा सारखेच दिसते. त्यावर साहजिक शंका अशी की, ते इतके सारखे राहिले तरी कसे? १९६३ साली हॉइल आणि नारळीकर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात याचे उत्तर छापले. विश्वाचा आरंभीचा नमुना वेडावाकडा असो, एका दिशेस अधिक ताणलेला असो, किंवा स्वतःभोवती फिरणारा असो. द्रव्यनिर्मितीसह चालणारे हे प्रसरण ती सारी वाकडीतिकडी लक्षणे पुसून टाकते, असे त्यांनी दाखवले. नारळीकरांनी तेव्हा वयाची पंचविशीही ओलांडली नव्हती.

दोनच वर्षांनी, १९६५ साली, आकाशाच्या सर्व दिशांकडून येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण सापडले. ते विश्वाच्या तप्त बाल्याची खूण मानले गेले, आणि स्थिर स्थितीच्या सिद्धान्तामागचा लोकमताचा जोर ओसरला. तो सिद्धान्त मागे पडला म्हणजे त्यातले गणितही मागे पडले, असे जगास वाटले. परंतु गणिताचा जीव सिद्धान्ताहून चिवट असतो. १९८० च्या सुमारास महास्फोटवाद्यांनाच प्रश्न पडला की, त्यांचे विश्व इतके सारखे कसे; आणि त्यांनी अतिवेगवान प्रसरणाचा आश्रय केला. तेथे विषमता पुसली जाते हे दाखवण्यासाठी जी भूमिती त्यांनी घेतली ती डी सिटर यांची. स्थिर स्थितीच्या विश्वाची भूमितीही तीच होती. १९८३ साली रॉबर्ट वॉल्ड यांनी एकजिनसी विश्वांच्या जवळजवळ सर्व प्रकारांसाठी हा नियम सिद्ध केला. हॉइल-नारळीकरांचे १९६३ चे काम म्हणजे आजचे गणिती ज्यास संपूर्ण सिद्धता म्हणतात ती नव्हे. पण वाट तीच होती. नारळीकरांनी स्वतः महास्फोट अखेरपर्यंत मान्य केला नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी या न मानण्याचा आदराने उल्लेख केला, जणू ती थोर माणसाची एक लकब होती. आम्हांस हे बरोबर वाटत नाही. विश्वास आरंभ आहे की नाही या वादात पुरावा त्यांच्या बाजूने आला नाही, हे खरे. पण प्रसरण विषमतेस जिरवते हे त्यांचे म्हणणे प्रतिपक्षाने वीस वर्षांनी आपल्या घरी नेले. वाद हरलेल्या माणसाचे जे मुद्दे जिंकणाऱ्याच्या उपयोगी पडतात, त्यांची नोंद सहसा जिंकणाऱ्याच्या नावावर होते.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगता येण्याजोगी आहे. १९९८ साली दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे असे दिसून आले, आणि प्रश्नास नवी निकड आली. जॅरेड स्पेक यांनी २०१२ साली, आणि इगोर रॉडनियान्स्की यांच्यासह भोवरे नसलेल्या प्रवाहीसाठी २०१३ साली, असे सिद्ध केले की, वेग घेणाऱ्या विश्वात ताठपणा शून्याहून अधिक पण एकतृतीयांशाहून कमी असेल तर बारीक सुरकुत्या विरून जातात. धुळीचे आणि प्रकाशाचे प्रकरण इतरांनी निराळ्या युक्तीने सोडवले. एकसारख्या गतीने प्रसरणाऱ्या विश्वात, म्हणजे जेथे मुंगी शेवटी पोहोचते तेथे, प्रकाश-प्रवाही फाटतो. पण त्याहून मऊ पदार्थ तेथेही तगतो, कारण त्याचा स्वैर वेगच मरत जातो. हे फायमन, ऑलिनिक आणि वायट या तिघांनी २०२१ साली दाखवले. एकतृतीयांशाहून ताठ द्रव्याचे काय होते? तेथे ॲलन रेंडल यांनी २००४ साली धोक्याची सूचना दिली होती, आणि २०२३ साली यंत्रावर केलेल्या गणनांत घनतेचा उतार खरोखरच अनावर होत गेलेला दिसला. संपूर्ण सिद्धता तेथे अजून व्हावयाची आहे.

एवढे ऐकून कोणासही वाटेल की, स्थैर्य ही मोठी मंगल वस्तू आहे. आबांना मात्र तसे वाटले नाही. त्यांच्या तोंडी 'पांगणे' हा शब्द सुखाचा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे कोयते घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. वाड्यावस्त्यांवर म्हातारी आणि लेकरे तेवढी उरतात. भांडणतंटे त्या दिवसांत कमी होतात यात शंका नाही. एका वाड्यात नांदताना बांधावरून हातघाईवर येणारे भाऊही, एक पुण्यास आणि एक छत्रपती संभाजीनगरास गेला म्हणजे, एकमेकांस दिवाळीचा फराळ धाडू लागतात. पण त्या शांततेत गावात नवी चूल पेटत नाही. आबांनी हे या शब्दांत सांगितले नाही; ते फक्त म्हणाले, "समदं सपाट झालं तर माणूस कुठून यायचा?"

हा आक्षेप खरा आहे, आणि शास्त्राने त्यासही तोंड दिले आहे. जेम्स जीन्स यांनी १९०२ सालीच दाखवले होते की, स्थिर वायूत एखादे मोठे ढेकूळ किंचित दाट झाले की त्याचे गुरुत्वाकर्षण भोवतालचे द्रव्य ओढून घेते, आणि ते सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखे फुगत जाते. प्रसरणाऱ्या विश्वात मात्र १९४६ साली लिफ्शिट्झ यांनी हिशेब केला तेव्हा ते व्याज फारच उतरले. धुळीच्या विश्वात ते सरळ व्याजाहूनही मंद गतीने वाढते. विश्व जितक्या पटीने मोठे होईल, दाटपणातील फरक तितक्याच पटीने वाढणार. १९९२ साली कोबे या उपग्रहाच्या निरीक्षणांवरून जाहीर झाले की, विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना त्यातील चढउतार एका लक्षात एक इतकेच होते. त्यानंतर विश्व सुमारे अकराशेपट वाढले. एका लक्षात एक या भांडवलावर अकराशेपट व्याज धरले तरी शंभरात एक एवढाच फरक पडतो, आणि शंभरात एकाने दीर्घिका होत नाही. या तुटीमुळेच ज्योतिर्विदांस कृष्णद्रव्य मानणे भाग पडते. प्रकाशाचा दाब ज्यास लागत नाही असे ते द्रव्य आधीपासून ढेकळे धरू लागले असले पाहिजे, आणि साधे द्रव्य मागाहून त्या खळग्यांत उतरले असले पाहिजे.

तात्पर्य, ज्या काळात दीर्घिका घडल्या त्या काळात प्रसरण मंदावत होते, आणि वर सांगितलेले स्थैर्य तेथे लागू नव्हते. पाच-सहा अब्ज वर्षांपूर्वी त्याने वेग घेतला, आणि तेव्हापासून नवी मोठी ढेकळे जमण्याचे काम थंडावत चालले आहे. हे आधीच घडते तर सुरकुत्या विरून गेल्या असत्या आणि आकाशात पातळ धुके तेवढे राहिले असते. प्रसरणच नसते तर सारे द्रव्य केव्हाच एका ठिकाणी कोसळले असते; आइन्स्टाइनने १९१७ साली कल्पिलेले अचल विश्व टोकावर उभ्या केलेल्या मुसळासारखे आहे, हे एडिंग्टन यांनी १९३० साली दाखवलेच होते. आबांचे दोन्ही प्रश्न, ते फाटत का नाही आणि ते सपाट का होत नाही, एकाच वेळी बरोबर असण्यास विश्वाच्या चालीत असा एक मधला काळ लागला.

ज्या गाठी त्या काळात पक्क्या बसल्या त्यांवर आजच्या प्रसरणाची सत्ता चालत नाही. आमच्या गावाबाहेर दिव्यांचा उजेड कमी आहे. कार्तिकातील काळोख्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, शिवारात जाऊन डोक्यावर पाहिले तर देवयानीच्या ताऱ्यांजवळ नुसत्या डोळ्यांस एक पुसट डाग दिसतो. ती देवयानी दीर्घिका होय. तिचा उजेड आपल्याकडे येण्यास सुमारे पंचवीस लक्ष वर्षे लागली आहेत. सारे विश्व पांगत असता ती मात्र सेकंदास सुमारे एकशे दहा किलोमीटरच्या वेगाने आपल्याच दिशेने येत आहे.